मुलकी सेवांतील सेवकवर्ग व्यवस्थापन

मुलकी सेवांतील सेवकवर्ग व्यवस्थापन : शासनाच्या मुलकी सेवांसाठी लायक व्यक्तींची निवड, त्यांचे प्रशिक्षण, नेमणूक, कार्यमूल्यमापन, पदोन्नती, बदली, शिस्त व निवृत्ती यांविषयीच्या कार्यांचा परस्परांशी मेळ घालणारी पद्धती. तिला मनुष्यबळ व्यवस्थापन असेही म्हणतात. शासकीय कार्यालयांतील आस्थापना शाखेचे काम आणि सेवकवर्ग व्यवस्थापन या दोन गोष्टी एकच नव्हेत. सेवापुस्तक लिहिणे, रजा व वेतनवाढी मंजूर करणे, निवृत्तिवेतनाची प्रकरणे तयार करणे ही आस्थापना शाखेची कामे नियमपालनाची असतात. कोणत्या कामास कोणत्या गुणांचे किती सेवक लागतील, ते गुण कसे वाढवावेत व त्यांचा उपयोग कोठे करावा, याचा आगाऊ विचार हे व्यवस्थापनाचे क्षेत्र होय. हा विचार व्यक्तिगत मर्जीवर वा केवळ परिपाठावर न सोडता प्रशिक्षित व्यक्तींकडून, जाहीर निकषांनुसार व सातत्याने होऊ लागला, म्हणजे त्यास व्यावसायिक स्वरूप प्राप्त होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरीतील नेमणुका प्रारंभी संचालकांच्या शिफारशीने होत. मेकॉले समितीच्या अहवालानंतर (१८५४) स्पर्धा परीक्षेची पद्धत आली व १८५५ मध्ये लंडन येथे पहिली परीक्षा झाली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नॉर्थकोट व ट्रेव्हेल्यन यांच्या अहवालाने (१८५४) आणि पुढे अमेरिकेत पेंडल्टन अधिनियमाने (१८८३) गुणवत्तेच्या तत्त्वास मान्यता दिली. हिंदुस्थानात ली आयोगाच्या शिफारशींनंतर १९२६ मध्ये लोकसेवा आयोग अस्तित्वात आला. भारतीय संविधानाच्या चौदाव्या भागात (अनुच्छेद ३०८ ते ३२३) या विषयाच्या मूलभूत तरतुदी आहेत. त्यांपैकी अनुच्छेद ३११ ने सेवकास मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिले, तर अनुच्छेद ३१५ ने संघ व राज्ये यांसाठी स्वतंत्र लोकसेवा आयोगांची तरतूद केली.

वशिल्याची नेमणूक व लहरीने बडतर्फी हे दोन जुने दोष या तरतुदींनी बऱ्याच अंशी आटोक्यात आले. परंतु प्रवेश व निवृत्ती यांच्या दरम्यानच्या तीस-पस्तीस वर्षांच्या सेवाकालाचे नियोजन कोणी करावे, हा प्रश्न शिल्लक राहिला. पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने सेवकवर्ग प्रशासनावरील आपल्या अहवालात (१९६९) या प्रश्नाचा ऊहापोह केला आणि कार्यक्षेत्रांनुसार विशेषीकरणावर भर दिला. आयोगाच्या शिफारशीस अनुसरून १९७० मध्ये केंद्रात स्वतंत्र कार्मिक विभाग स्थापन झाला. १९८५ मध्ये त्याचे रूपांतर पंतप्रधानांच्या अखत्यारीतील मंत्रालयात करण्यात आले.

नागपूर येथील अकादमी : केंद्रीय सेवेच्या प्रशिक्षणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे नागपूर येथील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी होय. नागपूर हे १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेशाच्या राजधानीचे ठिकाण होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते स्थान गेले, तरी पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, आयकर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची संस्था तेथे सुरू झाली. तिचाच पुढे या अकादमीत विकास झाला. छिंदवाडा मार्गावरील ही अकादमी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अखत्यारीत आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय व राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय यांमुळेही हे शहर शासकीय प्रशिक्षणाचे केंद्र बनले आहे.

संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय महसूल सेवेच्या आयकर शाखेत निवडलेले उमेदवार पायाभूत अभ्यासक्रमानंतर या अकादमीत येतात. त्यांत अभियांत्रिकी, वैद्यक, साहित्य, विज्ञान अशा निरनिराळ्या शाखांचे पदवीधर असतात. सामान्य बुद्धिमत्तेची परीक्षा घेऊन निवड करावयाची आणि विशेष ज्ञान नंतर द्यावयाचे, हे मेकॉलेप्रणीत तत्त्व येथे कायम आहे. त्यामुळे प्रशिक्षणाचे महत्त्व अधिकच वाढते. करविषयक कायदे, हिशेबशास्त्र, पुराव्याचा कायदा, दिवाणी व फौजदारी प्रक्रिया, अन्वेषणाची तंत्रे आणि प्रत्यक्ष कार्यालयांतील अनुभव असे या प्रशिक्षणाचे अंतरंग असते. पदोन्नतीने वरिष्ठ श्रेणीत येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी व सेवेतील अनुभवी अधिकाऱ्यांसाठीही अभ्यासक्रम चालविले जातात. भूतानच्या शाही सेवेतील अधिकारीही येथे प्रशिक्षणास येतात.

या प्रशिक्षणाशी नागरिकांचे हित निगडित आहे. करनिर्धारण करणारा अधिकारी न्यायसदृश अधिकार वापरीत असतो. हिशेबाच्या वह्या वाचण्यात किंवा कायद्याचा अर्थ लावण्यात त्याची चूक झाली, तर लहान व्यापाऱ्यावर अवाजवी मागणीचा बोजा पडतो किंवा शासनाचा रास्त महसूल बुडतो. अशा आदेशाविरुद्ध अपील करता येते व त्यापुढे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या आयकर अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तथापि या मार्गात करदात्याचा काळ व पैसा खर्च होतो. अधिकाऱ्याचे काम केवळ त्याने केलेल्या करमागणीच्या रकमेवरून जोखले, तर अपिलात न टिकणाऱ्या मागण्यांस उत्तेजन मिळते. त्याचे आदेश अपिलात कितपत टिकतात हेही पाहिले, तर साक्षेपी कामास प्रतिष्ठा लाभते. मूल्यमापनाचे निकष हा म्हणूनच केवळ सेवकांच्या सोयीचा प्रश्न नव्हे.

मूल्यमापन व बदल्या : वार्षिक गोपनीय अहवालाची जुनी पद्धत वरिष्ठाच्या एकतर्फी मतावर आधारलेली होती व प्रतिकूल शेराच तेवढा सेवकास कळविण्यात येई. देव दत्त विरुद्ध भारत संघ (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. बदल्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने राज्य शासकीय कर्मचाऱ्यांचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा ठरविला आणि मुदतपूर्व बदलीची कारणे लेखी नमूद करणे आवश्यक केले. टी. एस. आर. सुब्रमण्यन विरुद्ध भारत संघ (२०१३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान कार्यकाल व नागरी सेवा मंडळे यांविषयी निर्देश दिले. अल्पकालीन नेमणुकीत कामाचे ज्ञान मुरत नाही आणि बदलीची भीती असताना निःपक्षपाती निर्णय घेणे कठीण जाते, हा या उपायांमागील समान विचार आहे.

मनुष्यबळाचे नियोजन : आयकर विभागात २०१३ च्या पुनर्रचनेने विविध श्रेणींत २०,७५१ जादा पदे निर्माण करण्यास मंजुरी मिळाली. परंतु संख्यावाढ हा नियोजनाचा केवळ एक भाग होय. २०१९ पासून आलेल्या चेहराविरहित करनिर्धारणात अधिकारी व करदाता समोरासमोर येत नाहीत. प्रकरणांचे वाटप संगणकाद्वारे होते आणि निर्धारण, पडताळणी, तांत्रिक साहाय्य व पुनर्विलोकन ही कामे निरनिराळ्या घटकांकडे सोपविली जातात. समक्ष सुनावणीच्या कौशल्यापेक्षा दस्तऐवजांचे विश्लेषण व स्पष्ट, सकारण लेखन यांस त्यामुळे महत्त्व आले. पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालील कर प्रशासन सुधारणा आयोगाने (२०१३-१४) मनुष्यबळाच्या प्रश्नाचा स्वतंत्र विचार करून विशेषीकरणावर भर दिला होता. केंद्र शासनाने २०२० मध्ये मान्यता दिलेल्या कर्मयोगी अभियानात पदाच्या नियमांऐवजी पदावरील भूमिकेस लागणाऱ्या क्षमता हा प्रशिक्षणाचा आधार मानला आहे.

मूल्यमापन : व्यावसायिक व्यवस्थापनाची शासनातील वाट खाजगी उद्योगाहून बिकट आहे. कारखान्याच्या व्यवस्थापकास गुणी माणूस तडकाफडकी वर चढविता येतो. शासनात अशा स्वेच्छाधिकारास पक्षपाताची शंका चिकटते व म्हणून सेवाज्येष्ठतेचा आधार घेतला जातो. ज्येष्ठतेने तंटे टळतात; पण आंतरराष्ट्रीय करविषयात निष्णात झालेला अधिकारी पाळी आली म्हणून सर्वस्वी वेगळ्या कामावर जातो, तेव्हा त्याच्या शिक्षणावरील खर्च वाया जातो. नियमांनी मिळणारे संरक्षण कायम ठेवून नेमणुकीचे निकष आगाऊ जाहीर करणे व अपवादांची कारणे नोंदविणे, हा यातील मध्यम मार्ग होय. अकादमीतील प्रशिक्षण, त्यानंतरची नेमणूक आणि कामाचे मूल्यमापन ही तीन कामे एकमेकांची दखल न घेता चालली, तर उत्तम निवडीचाही लाभ मर्यादित राहतो. ती एकत्र गुंफणे हेच सेवकवर्ग व्यवस्थापनाचे मुख्य कार्य आहे.