घरांतल्या घरांत फाइल इतकी सावकाश कां जाते?

एकत्र कुटुंबाचीं खतपत्रें आजही लोखंडी कपाटांत असतात. परंतु छायाचित्रें, मुंजी-लग्नांच्या चित्रफिती आणि आजोबांच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें हीं मात्र एखाद्या संगणकाच्या पोटांत असतात. ती हार्ड डिस्क एके दिवशीं बंद पडली, तर आंतील संग्रह परत मिळेलच अशी शाश्वती नसते. म्हणून त्याची दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रांत ठेवावी, हें बहुतेकांस पटलेलें आहे. पण प्रत काढावयास बसलें कीं पडद्यावर ‘अजून पांच तास’ अशी अक्षरें उमटतात. मग ‘रविवारीं पाहूं’ असें ठरतें, आणि तो रविवार कांहीं उगवत नाहीं. घरांतील बिनतारी जाळ्याच्या मंदगतीनें खरें नुकसान होतें तें या चालढकलीमुळें.

अशा वेळीं घरांतील कर्ती मंडळी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस दोष देतात आणि अधिक वर्गणीची योजना घेतात. हा खर्च बहुधा व्यर्थ जातो. एका खोलींतील संगणकावरून दुसऱ्या खोलींतील संगणकाकडे थेट पाठविलेली फाइल घराबाहेर पडतच नाहीं. पहिल्या यंत्राकडून राउटरकडे आणि राउटरकडून दुसऱ्या यंत्राकडे, एवढाच तिचा प्रवास. दाराबाहेरचा रस्ता रुंद केल्यानें माजघरांतील वाट मोकळी होत नाहीं.

मग ही वाट अडते कोठें? प्रथम हिशेबांतील घोंटाळा दूर केला पाहिजे. जाहिरातींतील वेग मेगाबिटांत सांगितलेला असतो, फाइलचें आकारमान मेगाबाइटांत. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. अर्थात् ३०० मेगाबिटांचा राउटर सेकंदास ३७.५ मेगाबाइटांहून अधिक नेऊंच शकत नाहीं, आणि व्यवहारांत त्याच्या निम्मा वेग मिळाला तरी तो चांगला समजावा.

दुसरें कारण हवेचें. एका वाहिनीवर एका वेळीं एकानेंच बोलावें व इतरांनीं थांबावें, असा बिनतारी यंत्रांचा शिरस्ता आहे. दोन्ही संगणक एकाच वाहिनीवर असले, तर तीच फाइल हवेंतून दोनदां जाते व वेग निम्म्यावर येतो. दूरच्या खोलींतील एखादा जुना फोन सावकाश बोलूं लागला, तर त्याचें संपेपर्यंत इतर सर्वांचा खोळंबा होतो. त्यांतही २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा फार गजबजलेला. त्यांत एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ या तीनच, आणि मायक्रोवेव्ह भट्टीचा उपद्रवही तेथेंच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान खरा, परंतु जाड भिंत, लोखंडी कपाट किंवा पाण्याची टाकी आड आली कीं तो लवकर क्षीण होतो. स्वस्त रिपीटर ऐकलेलें सारें त्याच वाहिनीवर पुन्हा उच्चारतो. त्यानें पल्ला वाढतो, पण वेग घटतो.

दोष शोधतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गिगाबाइटांची एकच फाइल प्रत्येक खेपेस पाठवावी व लागलेला वेळ वहींत टिपून ठेवावा. पहिली खेप नेहमींच्या जागेवरून. दुसऱ्या खेपेस दोन्ही संगणक राउटरपाशीं आणावे. वेग वाढला, तर दोष अंतराचा किंवा भिंतींचा, आणि उपाय म्हणजे राउटर घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवणें. तिसऱ्या खेपेस एक संगणक लॅन केबलनें जोडावा. वेग सुमारें दुप्पट झाला, तर हवेंतील दुहेरी फेरी हेंच कारण. चौथ्या खेपेस दोन्ही केबलनें जोडावे. गिगाबिट राउटरवर आतां सेकंदास सुमारें ११० मेगाबाइट मिळावयास हवेत. आंकडा अकराच्या आसपास अडकला, तर राउटरचें किंवा संगणकाचें छिद्र १०० मेगाबिटांचें आहे, नाहीं तर केबलमधील एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटास चारही जोड्या लागतात. एवढ्यानेंही वेग वाढला नाहीं, तर जुनी हार्ड डिस्क तपासावी. मोठी फाइल झरझर गेली आणि हजारों छायाचित्रें मात्र रेंगाळलीं, तर त्या सर्वांची एकच झिप फाइल बांधून पाठवावी. कारण प्रत्येक लहान फाइलमागें देवाणघेवाणीचा निराळा सोपस्कार असतो.

८० गिगाबाइटांचा संग्रह सेकंदास ४ मेगाबाइटांच्या वेगानें न्यावयास साडेपांच तासांहून अधिक लागतात. ११० च्या वेगानें तोच सुमारें बारा मिनिटांत जातो. म्हणून पहिली मोठी प्रत केबलनेंच काढावी, आणि पुढें महिन्याकांठीं पडणारी थोडी भर बिनतारी मार्गानें खुशाल जाऊं द्यावी. प्रत पुरी झाल्यावर तिच्यांतील दहा-वीस छायाचित्रें व एक-दोन चित्रफिती उघडून पाहाव्या, आणि मगच तें काम झालें असें समजावें.