वांकड्या झाडांचें दीर्घायुष्य

सरळ, उंच व डेरेदार वृक्ष दिसला कीं पाहणाऱ्याचें मन प्रसन्न होतें. वेडेंवांकडें, गांठाळ झाड मात्र सर्पणाच्याच कामाचें, असें आपण समजतों. परंतु पृथ्वीवरील अतिशय जुन्या वृक्षांची ओळख करून घेतली असतां ही समजूत टिकत नाहीं.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताच्या पूर्वभागीं व्हाइट मौंटन्स नांवाचे पर्वत आहेत. तेथें सुमारें १०,००० फूट उंचीवर ब्रिसलकोन पाइन जातीचीं झाडें वाढतात. जमीन पांढुरकी, खडकाळ व निकस, वर्षाकाठीं पाऊस व बर्फ मिळून पाणी सुमारें १२ इंच, थंडी कडाक्याची. वाढीस अनुकूल असे वर्षांतून थोडेच आठवडे मिळतात. त्यामुळें शंभर वर्षांत खोडाची जाडी कित्येकदां एक इंचहि वाढत नाहीं. खोडें पिळलेल्या दोरखंडासारखीं दिसतात, आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूनें व हिमकणांनीं घांसून उघडें लाकूड गुळगुळीत व सोनेरी झालेलें असतें.

हा वांकडेपणा म्हणजे रोग नव्हे. ती जगण्याची रीत आहे. या झाडाचें प्रत्येक मोठें मूळ आपल्या वरच्या भागासच पाणी पुरवितें. एखादें मूळ उघडें पडून मेलें, तर तेवढीच साल वाळते. बाकीचें झाड जगतें. अतिवृद्ध झाडांवर कधीं कधीं सालीची एक अरुंद पट्टीच जिवंत असते, व ती शेंड्याच्या मोजक्या हिरव्या फांद्यांस पोसते. वाढ एकाच अंगानें झाल्यामुळें खोड चपटें व वेडेंवांकडें होतें. शिवाय मंद वाढीमुळें लाकूड घट्ट व राळेनें भरलेलें असतें. त्यांत कीड व बुरशी सहसा शिरत नाहींत.

एडमंड शुलमन या शास्त्रज्ञानें बारीक गिरमिटानें खोडांतून लाकडाची कांडी काढून वर्तुळें मोजलीं. १९५७ सालीं त्यास जें झाड सांपडलें, त्याचें वय आज ४,८०० वर्षांहून अधिक मानतात. बायबलांतील ९६९ वर्षें जगलेल्या मथुशलहाचें नांव त्यास दिलें आहे. आश्चर्य हें कीं, बऱ्या जमिनींत वाढणारीं याच जातीचीं झाडें उंच व सरळ होतात, पण तीं लवकर मरतात. सर्वांत वृद्ध झाडें अत्यंत निकस जागींच आढळलीं.

१९६४ सालीं शेजारच्या नेव्हाडा प्रांतांत एका संशोधक विद्यार्थ्यानें जंगलखात्याच्या परवानगीनें असेंच एक झाड अभ्यासासाठीं तोडविलें. वर्तुळें मोजतां तीं ४,८०० हून अधिक भरलीं! इतक्या शतकांच्या हिमवादळांस जें साधलें नाहीं, तें करवतीनें थोड्या वेळांत केलें. पुढें मथुशलहाचें नेमकें ठिकाण लोकांपासून गुप्त ठेवण्यांत आलें.

आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरहि वाऱ्याच्या माऱ्यानें खुज्या व गांठाळ झालेल्या जांभळी व अंजनी दिसतात. त्यांचें वय एवढें नसेल. तथापि त्यांच्या प्रत्येक वळणांत एखाद्या संकटाची व त्यांतून निभावल्याची नोंद असते. विद्यार्थिमित्रांनो, अशा झाडावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं ती नोंद वाचावयास शिका.