फुटबॉलच्या निकालाचा भाव कसा ठरतो?

पेढीवर येणारी हल्लीची मुले सामन्यावर पैसे लावण्याला जुगार म्हणत नाहीत, 'ट्रेडिंग' म्हणतात. अमेरिकेत काल्शी, पॉलीमार्केट असे बाजार आहेत, त्यांची नावेही मुलांना पाठ. तेव्हा त्यांचा हिशेब समजून घेतलेला बरा.

समजा, 'अमुक संघ जिंकेल' असा एक कागद आहे. संघ जिंकला तर कागदाचा एक डॉलर, नाही तर शून्य. कागद 60 सेंटला विकला जात असेल, तर बाजाराच्या मते विजयाची शक्यता 60 टक्के. हा भाव कोणी साहेब ठरवीत नाही. घेणारा 59 म्हणतो, विकणारा 61, आणि मध्ये कोठेतरी सौदा पटतो.

फुटबॉलमध्ये बरोबरीही असते, म्हणून कागद तीन. त्यांची बेरीज शंभर सेंटच्या आसपास हवी. 60, 24 आणि 12 असे भाव झाले तर बेरीज 96. हुशार माणूस तिन्ही घेतो. निकाल काहीही लागो, कमिशन सोडून चार सेंट त्याचे. पण त्याच्या खरेदीनेच भाव चढतात आणि फट बुजते. भिवंडीत सुताचा एक भाव आणि मालेगावात फारच वेगळा, असे तरी कोठे टिकते?

भाव म्हणजे निकाल नव्हे. 22 नोव्हेंबर 2022 रोजी कतारमध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 हरविले. ग्रेसनोट या आकडेवारीच्या कंपनीने सौदीच्या विजयाची शक्यता 8.7 टक्के धरली होती, म्हणजे कागद नऊ सेंटचा. हिशेब चुकला असेही म्हणता येत नाही. असे अकरा-बारा सामने झाले तर सरासरी एकदा हे घडते.

कागदावरची अट न वाचणारा तर जिंकूनही हरतो. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात 90 मिनिटांनंतर 2-2 अशी बरोबरी होती. अर्जेंटिनाने चषक नेला तो पेनल्टीवर. '90 मिनिटांत अर्जेंटिना विजयी' हा कागद ज्याच्याकडे होता, त्याचे पैसे बुडाले.

आता पैसा येतो कोठून? 'जिंकेल' म्हणणाऱ्याचे 60 आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे 40 मिळून तो डॉलर होतो. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, वर कमिशन. आम्ही कापडाचे ठाण विकतो तेव्हा आमचे सुटते आणि शिवणाऱ्याचेही. येथे मालच नाही. सूरह माइदामध्ये ज्या मैसिरला मनाई आहे, त्यापासून हे वेगळे कसे, ते मला तरी कोणी पटवून दिलेले नाही. मुंबईचा आकडाही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवरच सुरू झाला होता, आणि त्यात कापसाची एक गाठही कोणी उचलीत नसे.

आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या 2025 च्या कायद्याने बंदी घातली आहे. 'ट्रेडिंग' नाव दिल्याने त्यातून सुटका होईल, असे मुलांनी समजू नये.