ड्रॉइंगवर 'कॅडमियम प्लेटिंग' लिहिलंय? कोटेशन देण्याआधी हे वाचा



बोल्ट किंवा कनेक्टरचं एखादं जुनं ड्रॉइंग तुमच्या हातात येतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'कॅडमियम प्लेटिंग'. लगेच हो म्हणायचं का? जरा थांबा.

कॅडमियम कामाला उत्तमच आहे. खाऱ्या हवेत गंज रोखतं, नट फिरवताना आटे अडकत नाहीत. म्हणून विमानाच्या आणि संरक्षणाच्या काही कामांत ते आजही चालतं. पण हा धातू मूत्रपिंडात साठतो, कॅन्सरही करतो. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडं यानेच ठिसूळ झाली. त्या 'इताई-इताई' रोगामागे कॅडमियम आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं. म्हणजे प्रश्न तुमच्या कामगाराचा आहे आणि कारखान्यामागच्या नाल्याचाही.

आता कायदा बघा. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक वस्तूंत कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के आहे. शिशासाठी ती ०.१ टक्के, म्हणजे कॅडमियमला दहापट कडक! आपल्या ई-कचरा नियमांतही हेच आकडे आहेत. आणि टक्केवारी अख्ख्या वस्तूची नाही, त्या थराचीच धरतात. त्यामुळे 'थर पातळ देतो' म्हणून सुटका नाही.

मग पर्याय काय?

१. झिंक-निकेल: यात निकेल साधारण १२ ते १५ टक्के. गंजरोधाला कॅडमियमच्या तोडीचं, पण साध्या झिंकपेक्षा महाग.

२. झिंक फ्लेक: रंगासारखा लावून भट्टीत पक्का करतात. यात वीज वापरत नाहीत, त्यामुळे प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून जास्त ताकदीचे बोल्ट तडकण्याचा धोका इथे टळतो.

३. साधं झिंक: कोरड्या जागेतल्या भागांना पुरतं, स्वस्तही पडतं. फक्त पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट क्रोमचं मागा. हेक्साव्हॅलंट क्रोमवरही मर्यादा आहे.

पण एक पथ्य पाळा: कोटिंग स्वतःच्या मनाने बदलू नका. थर बदलला की घर्षण बदलतं आणि बोल्ट किती आवळायचा तो टॉर्कही बदलतो. ग्राहकाला पर्याय सुचवा, नमुना द्या, सॉल्ट स्प्रे टेस्टचा रिपोर्ट जोडा आणि लेखी मंजुरी घ्या.

स्वतःचं प्लेटिंग युनिट टाकायचंय? मग टाक्यांची ऑर्डर नंतर, आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाणी प्रक्रियेचा खर्च. हा हिशोब जमत नसेल, तर संमती असलेल्या युनिटकडून जॉबवर्क करून घ्या. भांडवल वाचेल आणि झोपही शांत लागेल.

आज एकच काम करा: तुमच्याकडची ड्रॉइंग काढा आणि प्रत्येकावर कोटिंग काय लिहिलंय ते तपासा.