वाट पाहण्याची व्यवस्था

शेकडो फाइली एकत्र बांधून, त्यांतील पुनरुक्ती गाळून जी एकच संग्रह-फाइल सिद्ध होते, तिचे झिप हे रूप फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने १९८९ साली प्रचारात आणले. त्याच्या नावाची पी आणि के ही आद्याक्षरे झिपमधील नोंदींच्या आरंभी आजही आढळतात. या संग्रहाची सूची अखेरीस असते, कारण आकुंचनानंतर प्रत्येक फाइल किती जागा व्यापील हे लिहून झाल्यावरच निश्चित कळते. म्हणून वाचणारी लायब्ररी प्रथम शेवटाकडे वळते. तेथील समाप्तीची नोंद मूळची २२ बाइटांची. परंतु तिला ६५,५३५ बाइटांपर्यंत शेरा जोडण्याची मुभा असल्यामुळे तिचा आरंभ मागे मागे सरकत शोधावा लागतो, आणि तो सापडल्यावर तिच्यावरून सूचीचा व सूचीवरून इष्ट फाइलीचा ठाव लागतो. चुंबकीय फितीसाठी घडलेल्या टार संग्रहात तर सूचीच नाही. ५१२ बाइटांचे ठोकळे क्रमाने ओलांडीत जाणे एवढाच तेथे मार्ग.

या प्रत्येक टप्प्यावर डिस्कची किंवा दूरस्थ सर्व्हरची प्रतीक्षा घडते. दप्तरखान्यातून रुमाल येईपर्यंत पुढचा अर्ज हाती घेणाऱ्या दक्ष कारकुनाप्रमाणे, असिंक्रोनस लायब्ररी त्या अवधीत दुसऱ्या विनंतीचे काम चालू ठेवते. पायथनमध्ये २०१५ च्या ३.५ आवृत्तीने ‘एसिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द देऊन ही लेखनपद्धती सुलभ केली, हा मला त्या भाषेचा मोठाच उपकार वाटतो.

मात्र आकुंचित मजकूर उलगडणे ही प्रतीक्षा नव्हे, ते प्रोसेसरचे प्रत्यक्ष श्रम आहेत. ते मुख्य थ्रेडवरच चालले, तर ‘अवेट’ कितीही ठिकाणी लिहिले तरी बाकीच्या विनंत्या तिष्ठत राहतात. शिवाय लिनक्समध्ये डिस्कवरील साधी फाइल नेहमी ‘तयार’च समजली जात असल्याने, सॉकेटसाठी योजलेली सूचनापद्धती तिच्या कामी येत नाही. म्हणूनच जावास्क्रिप्ट चालविणारा नोड फाइल वाचण्याचे काम पडद्याआड राखीव थ्रेडांवर सोपवितो, आणि त्यांची संख्या, वेगळा हुकूम नसल्यास, अवघी चार असते. लिनक्समध्ये २०१९ साली आलेल्या आयओ-यूरिंग या यंत्रणेने साध्या फाइलींबाबतची ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली.

तेव्हा अशी लायब्ररी पत्करण्यापूर्वी तिच्या नावातील ‘एसिंक’ या उपपदावर विसंबू नये. उलगडण्याचे काम ती कोणत्या थ्रेडवर करते, हे तिच्या मूळ कोडमध्ये जातीने तपासून घ्यावे.