स्नायूचा एक तुकडा

लालबागच्या जुन्या चाळींचे जिने किती उभे असतात, हें तेथें राहणाऱ्यांस निराळें सांगावयास नको. घरांतील एखादी चाळिशीची सून कठडा धरून चढूं लागली, पाटावरून उठतांना गुडघ्यांवर हात टेकूं लागली, कीं वडील मंडळी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून तिचें दूधतूप वाढवितात. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालापासून जवळच उभें आहे. विलंब होतो तो बहुधा घरांतच. पुढें डॉक्टरांनीं ‘स्नायूचा तुकडा काढून तपासूं’ म्हटलें, कीं सारें घर बिचकतें. आधींच शक्ति नाहीं, त्यांत मांस कापावयाचें!

ही भीति अनाठायीं आहे, असें आम्हांस वाटतें. तुकडा अगदीं लहान असतो आणि बहुधा जागा बधिर करून तो मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूंतून काढतात. पार झिजलेला स्नायू टाळतात, कारण तेथें चरबीवांचून फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. फ्रान्समधील डॉ. ड्यूशेन यांनीं तर यासाठीं एकोणिसाव्या शतकांतच खास सुई बनविली होती. हल्लीं तुकडा क्षणांत गोठवितात. सावकाश गोठविल्यास बर्फाचे स्फटिक होऊन तंतूंना भोकें पडतात व सारी मेहनत वायां जाते.

मग अतिशय पातळ काप काढून ते रंगवितात. निरोगी स्नायूंत दोन जातींचे तंतू बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले दिसतात. एखादा मज्जातंतू मेला, तर त्याचे पोरके स्नायुतंतू शेजारचा मज्जातंतू जणूं दत्तक घेतो आणि एकाच जातीचे थवे जमतात. रोग स्नायूचाच असेल, तर कांहीं तंतू मरतात, कांहीं नव्यानें वाढूं पाहतात व मधल्या जागेंत चरबी भरते. पांढऱ्या पेशींनीं तंतूंना वेढा घातला असेल, तर ती सूज. आणि तिच्यावर स्टेरॉइडसारख्या औषधांचा गुण पुष्कळदां येतो. जिना चढूं न शकणाऱ्या त्या सुनेचें सारें भवितव्य या भेदावर अवलंबून असतें.

हा भेद वाटतो तितका सोपा नव्हे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांतील डॉ. दाराब दस्तूर यांनीं एका सहकाऱ्यासह १९७३ सालीं, स्नायुक्षयाच्या रोगांत मज्जातंतूंचाही वांटा असेल काय, हा प्रश्न मांडला होता. १९८७ मध्यें डिस्ट्रॉफिन नांवाचें प्रथिन सांपडलें व ड्यूशेनच्या रोगानें पछाडलेल्या मुलांच्या स्नायूंत तें जवळजवळ नसतें, हें कळलें. अशा मुलांची आतां प्रथम रक्तावरून जनुकपरीक्षा होते; तिनें उलगडा न झाल्यास मग तुकडा.

रक्त पातळ करणारी गोळी चालूं असेल, स्टेरॉइड सुरू केलें असेल, किंवा त्या स्नायूंत नुकतीच सुई टोंचली असेल, तर तें डॉक्टरांस आधींच सांगावें. सुईच्या जखमेनेंही तंतूंत सूज दिसते, आणि स्टेरॉइडनें खरी सूज झांकली जाते.