मापाचा जबडा

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. आधी हाडाचा गोळा जागच्या जागी फिरताना जाणवतो. तोंड आणखी उघडलं की तोच गोळा बोटाखालून पुढे निसटतो आणि त्याच्या जागी खळगा लागतो. खालच्या जबड्याचा हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि खोबण सोडून पुढे सरकतोही. त्यातून डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना, म्हणजे एक बिघडला की दुसऱ्याचीही ओढाताण ठरलेली.

हा सांधा जखडला की काय होतं, ते आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांतल्या शल्यविभागांना चांगलं ठाऊक आहे. मूल हनुवटीवर आपटतं, टाके पडतात, जखम भरते आणि घरचे विसरून जातात. पण त्या माराने कानापुढे सांध्यात हाड मोडलेलं असतं, रक्त साकळलेलं असतं. काही मुलांत पुढे तिथे हाडच हाडाला जुळतं. कान फुटून पू आत उतरला तरीही असं होऊ शकतं. एरवी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. या मुलांच्या दातांत कधी कधी चमच्याची कडही शिरत नाही. वरणाचं पाणी दातांच्या फटीतून ओढून घ्यायचं, ब्रश आत जात नाही म्हणून दाढा किडायच्या, हनुवटीची वाढ खुंटल्याने झोपेत श्वास अडकायचा. जोडलेलं हाड कापून मध्ये फट ठेवणं, त्या फटीत कानशिलाच्या स्नायूचा पदर घालणं किंवा बरगडीचा तुकडा बसवणं हे उपाय जुने आहेत आणि आजही होतात. पण पुन्हा पुन्हा जखडणाऱ्या सांध्यापुढे ते तोकडे पडतात. तिथे कृत्रिम सांध्याचा विचार सुरू होतो.

या सांध्याच्या इतिहासात एक काळं पान आहे. इंग्लंडमधल्या रायटिंग्टनला जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी आधी टेफ्लॉन वापरून पाहिलं होतं. ते झिजलं आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊतींमध्ये दाह माजवला. म्हणून १९६२ मध्ये ते अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनकडे वळले. हा अनुभव जगापुढे होता. तरीही १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीची टेफ्लॉनचा थर असलेली जबड्याची चकती बाजारात आली. चावण्याच्या दाबाखाली ती फाटली, तिचे कण पसरले, शरीर त्यांच्यावर तुटून पडलं आणि त्या झटापटीत रुग्णांची स्वतःची हाडं विरघळली. १९९० च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा द्यावा लागला. खुब्यात नापास झालेली वस्तू वीस वर्षांनी जबड्यात घातली गेली, याचा मला आजही संताप येतो.

मापाचा सांधा, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या हाडाच्या मापाने घडवलेला कृत्रिम सांधा, याच सुमाराला जन्मला. कॅलिफोर्नियातल्या टेकमेडिका कंपनीने १९८९ मध्ये संगणकाच्या साहाय्याने त्याचा आराखडा करायला घेतला. लुई मर्क्युरी आणि लॅरी वुल्फोर्ड हे शल्यचिकित्सक या कामातले अग्रणी. व्हायटेकच्या धड्यानंतर नियम कडक झाले आणि १९९३ मध्ये उत्पादन थांबलं. पुढे व्हेंचुरा इथल्या टीएमजे कन्सेप्ट्स या कंपनीने तोच सांधा पुन्हा उभा केला. १९९९ मध्ये त्याला प्रशासनाची मंजुरी मिळाली.

त्याचं खरं शहाणपण मला असं दिसतं की यात आकार तेवढा नवा आहे. बाकी सगळं जाणूनबुजून जुनं ठेवलंय. गोळा कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनमचा, त्याखालची पट्टी टायटॅनियम मिश्रधातूची, खोबण चार्नलींच्याच जातीच्या पॉलिएथिलीनची आणि तिच्या पाठीला टायटॅनियमची जाळी. खुब्या-गुडघ्यांत जे टिकलं तेच इथे घेतलं.

मग माप एवढं महत्त्वाचं का? कारण रोपण हाडावर हललं की संपलं. स्क्रू बसवल्यावर केसभर फट राहिली तरी प्रत्येक घासाला धातू हलतो, हाड त्याला धरत नाही आणि शेवटी स्क्रू सैल होतात. तयार आकाराचा सांधा बसवताना रुग्णाचं हाड घासून सांध्याजोगं करावं लागतं. साधा सांधा असेल तर ते जमतं. पण चार-पाच शस्त्रक्रिया झालेल्या जबड्यात घासायला हाड उरलेलंच नसतं.

काम सीटी स्कॅनपासून सुरू होतं. साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप घेतले जातात. त्यांतून संगणकावर हाड वेगळं काढावं लागतं आणि इथे माणसाची नजर लागते. दातांतल्या धातूच्या भरणांमुळे चित्रात चकाकीचे पट्टे उठतात, कवटीच्या तळाचं हाड इतकं पातळ असतं की सॉफ्टवेअरला तिथे भोकच दिसतं. ते भोक खरं की भासाचं, हे कुणीतरी एकेक काप पाहून ठरवायचं. मग त्या हाडाची खऱ्या मापाची प्लास्टिकची प्रतिकृती छापली जाते. पूर्वीच्या पद्धतीत ती टपालाने सर्जनकडे जाई. तो ड्रिलने तिच्यावरचा उंचवटा उतरवी, जिथे हाड कापणार तिथे पेन्सिलीने खूण करी आणि प्रतिकृती परत पाठवी. कारखान्यात तिच्यावर मेणाचा सांधा घडवला जाई आणि तो पुन्हा सर्जनच्या पसंतीला येई. आता ही देवघेव बरीचशी पडद्यावर होते, पण वाद तेच असतात. सर्जन म्हणतो, पट्टी एवढी रुंद केली तर मला छेद वाढवावा लागेल. अभियंता म्हणतो, अरुंद केली तर इथे ताण साचेल. जबड्याच्या हाडातून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिची वाट आखून स्क्रूची जागा आणि लांबी ठरते, एक एक स्क्रू धरून.

आकार ठरला की धातू मिलिंग यंत्रावर कोरला जातो किंवा लेझरने थरावर थर वितळवून छापला जातो. छापलेला पृष्ठभाग मात्र खरखरीत असतो. हाडाच्या बाजूला तो चालतो. प्लास्टिकवर फिरणारा गोळा आरशासारखा घासावाच लागतो.

संगणकावरचा निर्णय मागे घेता येत नाही, हीच या पद्धतीची कठोर बाजू. कापणी आखणीपेक्षा दोन मिलिमीटर कमी झाली तर सांधा बसत नाही. म्हणून हाड कुठे कापायचं ते दाखवणारे साचेही सोबत येतात. तोंडच उघडत नसल्याने भूल देणंही अवघड. बऱ्याचदा रुग्ण जागा असतानाच लवचीक दुर्बिणीच्या वाटेने नाकातून श्वासनळीत नळी घालतात. एक छेद कानापुढे, दुसरा जबड्याच्या कोनाखाली आणि मधून चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या. आधी वरचे-खालचे दात एकमेकांना बांधून चावा पक्का करतात, मगच सांधा स्क्रूंनी बसतो. हाड पुन्हा वाढू नये म्हणून अनेक सर्जन भोवती पोटाची चरबी भरतात.

नवा सांधा फिरतो; जुन्यासारखा पुढे सरकत नाही. गोळ्याला पुढे ओढणारा स्नायू या शस्त्रक्रियेत सुटतो. एकाच बाजूला रोपण असेल तर तोंड उघडताना हनुवटी त्या बाजूला झुकते. रुग्णाला हे आधी नीट सांगायला हवं. तरीही जमेची बाजू भक्कम आहे. टेकमेडिका-कन्सेप्ट्स सांध्याचा वीस वर्षांचा पाठपुरावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १११ पैकी संपर्कात राहिलेल्या ५६ रुग्णांची नोंद आहे. त्यांच्या वेदना कमी झाल्या होत्या, तोंड अधिक उघडत होतं आणि पदार्थ झिजला किंवा निकामी झाला म्हणून एकही सांधा काढावा लागला नव्हता.

लहान मुलांत अजूनही बरगडीच चालते, कारण धातू वाढत नाही. बरगडीची वाढही लहरी. कधी थांबते, कधी जबडा एका बाजूला ढकलते. मोठेपणी अशांतल्या काहींना मापाचा सांधा लागतोच. परदेशी सांध्याची किंमत अशा अनेक रुग्णांच्या घरांना झेपणारी नाही. भारतात असे सांधे घडू लागलेत याचं मला म्हणूनच मोल वाटतं. त्यासोबत नोंदवहीही हवी. कुणाला कोणतं प्लास्टिक बसवलं, किती स्क्रू लावले, दर वर्षी तोंड किती मिलिमीटर उघडतंय, हे दहा-वीस वर्षं लिहिलं जावं आणि ते कुठल्याही सर्जनला पाहता यावं. सांध्याच्या किमतीतच त्या पाठपुराव्याचा खर्च धरला, तर गावाकडून तपासणीला येणाऱ्या रुग्णाचं एसटीचं भाडंही त्यातून निघेल.